युरोपातून आलेलं मरण

१

धोंडीराम थेटे मंगळवारी दुपारी अल्पशा आजाराने वारले, आणि त्यानंतर त्यांच्या मुलीने त्यांच्याशी बोलणं कायमचं बंद केलं.

यातलं काहीही झालेलं नाही. वाचकांनी वरचं वाक्य वाचलंच नाही असं समजावं. बुधवारी सकाळी धोंडीराम थेटे, वय सहासष्ट, स्वतःच्या पायांनी दोन मजले चढून ‘गोदाझटका’ या बातम्यांच्या पोर्टलच्या कचेरीत आले आणि मीना गांगुर्डेच्या टेबलासमोरची खुर्ची ओढून बसले.

“मी वारलोय,” ते म्हणाले.

“कधी?” मीनाने मान वर न करता विचारलं. पोर्टलची निधनवार्ता आणि राशिभविष्य ही दोन्ही सदरं ती सांभाळायची. दोन्हींची भाषा सारखीच असल्याने तिला फारसा त्रास होत नसे.

“काल.”

“दशक्रिया रामकुंडावरच ना?”

“अहो बाई, वर बघा. माझीच बातमी आहे!”

मीनाने वर बघितलं, मग स्क्रीनवर बघितलं. माणूस तोच होता. फोटोतल्याने निळा कोट घातला होता आणि समोरच्याने चौकटीचा शर्ट, एवढाच फरक. खाली मजकूर: ‘अंबड येथील निवृत्त फोरमन धोंडीराम थेटे यांचे मंगळवारी अल्पशा आजाराने निधन झाले. मनमिळाऊ स्वभावामुळे ते सर्वपरिचित होते. त्यांच्या पश्चात मुलगा, सून, मुलगी असा परिवार आहे.’

“खात्री न करता छापताच कसं तुम्ही?”

“केली होती,” मीना म्हणाली. “अर्जात दिलेल्या नंबरवर दोनदा फोन लावला. कुणी उचलला नाही.”

“तो माझाच नंबर आहे. मी झोपलो होतो.”

“मयताने फोन उचलला नाही, म्हणजे खात्री झालीच ना.”

धोंडीरामांनी घाम पुसला. रविवारी पंचवटीतल्या एका मंदिरात त्यांचं लग्न होतं. बायको जाऊन पाच वर्षं झाली होती. ज्येष्ठ नागरिक संघात भेटलेल्या मंजुषाबाई जाधव, निवृत्त शिक्षिका, यांच्याशी त्यांचं ठरलं होतं. आता मंजुषाबाईंचा भाऊ फोनवर म्हणत होता की बातमी काढल्याशिवाय मुहूर्त नाही, मेलेल्या माणसाला बहीण देऊन तो नातेवाइकांना काय सांगणार?

“आणि लग्नाचं जाऊ द्या,” धोंडीराम आवाज उतरवून म्हणाले. “शनिवारी माझी वेदू येतेय. वेदिका. नेदरलँडला असते. आई गेली तेव्हा तिला येता आलं नव्हतं, विमानं बंद होती. तेव्हापासून आमच्यात जरा... पण स्वतःहून म्हणाली, बाबा, मी येते. ती यायच्या आत हे काढा. बास, एवढंच.”

संपादक शेखर देवरे केबिनच्या दारात उभे राहून ऐकत होते. “ज्याने बातमी दिली, त्यानेच त्याच ईमेलवरून मागे घ्यायची, असा आपला नियम आहे,” ते म्हणाले. “मयताला तो अधिकार नाही. गेल्या वर्षी एका घरातल्या तीन भावांनी एकमेकांच्या बातम्या दिल्या आणि काढल्या. तेव्हापासून आम्ही तत्त्वाला धरून आहोत.”

“हयातीचा दाखला आणू का?”

“तो नोव्हेंबरात चालतो.”

म्हणजे बातमी देणारा शोधणं आलं, आणि चूक मीनाची असल्याने शोधणंही तिच्याकडेच आलं. धोंडीराम जिना उतरून गेल्यावर तिने पोर्टलची मागची बाजू उघडली. ईमेल नवाकोरा होता, नाव नव्हतं. पण बातमी कुठून आली त्या रकान्यात एक शब्द होता.

नेदरलँड.

२

मीना लगेच कुणालाही काही बोलली नाही. रहस्यकथेत पहिला संशय खरा नसतो एवढं तिला ठाऊक होतं, आणि दुपार रिकामी होती.

मुलगा धनराज अंबडच्या एका कारखान्यात होता. शिफ्ट सुटल्यावर तो गेटवर आला आणि वॉचमनच्या खिडकीतून आधी आपला मोबाईल घेतला.

“काल दुपारी मी आतच होतो,” तो म्हणाला. “फोन सकाळी इथे जमा होतो, सुटल्यावर मिळतो. चड्डीत लपवून नेला तरी पकडतात, विचारा यांना.”

वॉचमनने अनुभवी मान हलवली.

“मग तुम्हाला कळलं कसं?”

“सुटल्यावर फोन चालू केला तर सतरा जणांचं ‘भावपूर्ण’. मीपण लगेच स्टेटस ठेवलं.”

“वडिलांना फोन नाही केलात?”

धनराजने तिच्याकडे जरा दयेने पाहिलं. “मॅडम, गेलेल्या माणसाला फोन कसा करणार? मी फ्लेक्सवाल्याला केला.”

फ्लेक्स चौकात लागला होता. बारा बाय आठ. धोंडीराम निळ्या कोटात हसत होते, आणि खाली धनराज, त्याची बायको आणि वॉर्डातले चार इच्छुक नगरसेवक हात जोडून उभे होते.

“हा फोटो तुम्हीच काढलेला?”

“नाही, तुमच्याच साइटवरून घेतला. पप्पांकडे कोट आहे हे मलाही कालच कळलं.”

“आता ते जिवंत आहेत म्हटल्यावर फ्लेक्स उतरवणार ना?”

“तीन दिवसांचा घेतलाय,” धनराज म्हणाला. “तीन दिवस झाले की आपोआप उतरेल. त्यात नगरसेवकांचे फोटो आहेत, मधेच काढला तर त्यांना वाईट वाटतं.”

बापाच्या लग्नाबद्दल विचारल्यावर तो चिडला नाही, हसला. “म्हातारा सुखी होत असेल तर होऊ दे. हल्ली एकटाच असतो. रात्री दहाला फोन करून विचारतो, जेवलास का? मी उचलत नाही.”

३

पुंजा निफाडकडचा, धोंडीरामांचा लहानपणापासूनचा दोस्त. तो पंचवटी कारंजाजवळ रसवंतीच्या बाकड्यावर बसला होता. उन्हाने डांबर मऊ झालं होतं, आणि पुंजाने गळ्याला मफलर गुंडाळला होता.

“काका, उकडत नाही?”

“बाहेर चार डिग्री हाय,” पुंजाने मोबाईल पुढे धरला. खरंच चार होतं. “बर्फ पडायचा संभव. मी अमेरिकेत असतो ना सध्या.”

मीनाने त्याच्याकडे नीट बघितलं. आजोबा आताच सैरभैर झालेत की आधीपासूनच होते, ते ठरवणं अवघड होतं.

“धोंडीरामकाकांची बातमी तुम्ही दिलीत?”

“मी? मी दिली असती तर निस्तं अल्पशा आजारानं मारला असता व्हय त्याला? चांगला ट्रॅक्टरखाली घातला असता.” पुंजा दिलखुलास हसला. “संघाच्या अध्यक्षपदाला त्यानं मला पाडलंय. पण दोस्त हाय माझा. फोटोतला कोटबी माझाच हाय. आता मेलेल्याचा कोट म्हणून कोणी घालू देईना मला घरात. माझं लय नुकसान झालं, ते छापा.”

“कुणावर संशय?”

“संशय कसला? त्याच्या लग्नाला कुणाचाच विरोध नव्हता. एवढा एकमतानं चाललेला कार्यक्रम मी नाय पाहिला बुवा.” त्याने रसाचा ग्लास रिकामा केला. “मुलगी तेवढी लांब हाय. लांबचं माणूस काय विचार करतं, कसं कळणार?”

तिथून मीना सिडकोत मंजुषाबाईंकडे गेली. त्या ओट्याशी बसून मेथी निवडत होत्या. शांत, नीटनेटक्या, केस अगदी चापून बांधलेले. त्यांच्या पाठीमागे सोफ्यावर भाऊ बसला होता आणि बहिणीला विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तोच देत होता.

“ताईला फार धक्का बसला,” तो म्हणाला. “स्थळ चांगलं आहे. स्वतःचा फ्लॅट, मुलं आपापल्या जागी. ताईच्या मनातही आहे.”

मंजुषाबाईंनी एक पिवळं पान बाजूला टाकलं.

“तुम्ही काही बोला ना,” मीना त्यांना म्हणाली.

“मी काय बोलणार? लग्नाच्या नोंदणीचा अर्ज ऑनलाइन भरून ठेव म्हणून हा चार दिवस मागे लागलाय. मी रोज बसते. सरकारी साइट उघडतच नाही माझ्या मोबाईलवर.”

“सरकारी आहे ना,” भाऊ म्हणाला.

“तेच की,” मंजुषाबाई म्हणाल्या, आणि एवढ्या वेळात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर समाधानासारखं काहीतरी दिसलं.

मीना बाहेर पडली. मुलाकडे फोनच नव्हता, मित्र अमेरिकेत होता, नवरी मेथीत होती. उरलं नेदरलँड. पहिला संशय खरा नसतो हा नियम तिने एकदा उगाळला आणि मग रस्त्यातच सोडून दिला. संध्याकाळी धोंडीरामांच्या दारात उभं राहून तिने सांगून टाकलं.

४

धोंडीरामांनी तिला आत घेतलं. घरात एका कोपऱ्यात नवीन गादी गुंडाळून ठेवली होती, शनिवारी येणाऱ्या मुलीसाठी. गादीवरचं प्लॅस्टिक अजून काढलं नव्हतं.

“काका, फक्त ठिकाण दिसतंय,” मीना म्हणाली. “नाव नाही.”

“आमच्या खानदानातलं तिथे दुसरं कोण आहे?”

त्यांनी फोन लावला, तो स्पीकरवर टाकला. का टाकला ते मीनाला कळलं नाही. बहुधा साक्षीदार हवा होता.

“बाबा!” पलीकडून वेदिकाचा आवाज आला, रडका आणि सुटका झाल्यासारखा. “अहो, सकाळपासून लावतेय मी! दादाचं स्टेटस बघितलं. कामावरून पळत घरी आले, मग ‘मी जिवंत आहे’ हा तुमचा मेसेज बघितला. कुणाचा कोट आहे तो? तुम्ही कोट कधीपासून घालायला...”

“मी मेलो म्हणून छापून आणलंस. पोट भरलं?”

“काय?”

“तिकडूनच आलंय. कळलंय सगळं आम्हाला.”

“बाबा, मी कशाला...”

“माझं लग्न खुपत होतं तर तसं सांगायचंस. ‘मी येते, मी येते’ करत गोड बोलायचं आणि मागून बापाची तिरडी बांधायची.” धोंडीरामांचा आवाज चढला नाही. फोरमन माणूस, मशिनच्या आवाजात बोलायची सवय, पण आज ते हळू बोलत होते आणि त्यामुळे जास्त वाईट वाटत होतं. “तुझी आई सात दिवस दवाखान्यात दाराकडे बघत होती. तू मोबाईलवर तिची चिता बघितलीस. तेव्हा मला वाईट वाटलं होतं तुझ्यासाठी. आता वाटतं, बरं झालं. मरताना तरी तिला तुझं तोंड बघावं लागलं नाही.”

 पलीकडे मागे कुठेतरी लहान मूल काहीतरी मागत होतं, भलत्याच भाषेत.

“मी मेलोच आहे ना तुझ्या हिशेबाने? मग मेलेल्याकडे येऊ नकोस. आजपासून मला मुलगी नाही.”

“बरं,” वेदिका म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि फोन बंद झाला.

धोंडीरामांनी मोबाईल टेबलावर ठेवला. “आता तरी काढेल ती बातमी?” त्यांनी विचारलं.

 मीनाच्या डोक्यात दुसराच प्रश्न वळवळत होता. कुणाचा कोट आहे तो, असं वेदिकाने विचारलं होतं. बातमीला जिने फोटो लावला, ती असं विचारेल कशी?

५

गुरुवारी सकाळी मीना पुन्हा पुंजापुढे उभी होती. मफलर तोच होता.

“काका, कोटातला तो फोटो कुणी काढला?”

“मीच की. माझ्याच गच्चीवर.”

“कुणाकुणाला पाठवला?”

“धोंड्यानं एकटीला पाठवला. मंजुषाबाईंना. पोरांना दाखवायची लाज वाटत होती त्याला, या वयात कोट घातला म्हणून. माझ्या मोबाईलातून तर त्यानं माझ्यासमोर पुसायला लावला. लय संशयी.” पुंजाने मोबाईल झटकला. “पण तू आलीस ते बरं केलंस. माझा सातबारा काढून दे. आठ दिस झाले, उघडतच नाय.”

सरकारी साइट. उघडत नाही. मीनाने खिशातून स्वतःचा मोबाईल काढला आणि तीच साइट लावली. लगेच उघडली.

“काका, तुमचा द्या बरं.”

पुंजाच्या मोबाईलवर साइट पांढरीफटक पडली होती. वरच्या कोपऱ्यात ढालीचं एक लहान चित्र होतं. मीनाने त्यावर बोट ठेवलं. तीन बटणं आली: अमेरिका, युरोप, आशिया. अमेरिका निळं झालेलं होतं.

“त्याला हात नको लावू!” पुंजा ओरडला. “संघात महेश नावाचा पोरगा मोबाईलचा क्लास घ्यायला आलता. त्यानं सगळ्यांना हा ब्राउझर टाकून दिला. व्हीपीएन का काय ते, फुकटात. म्हणला, आजोबा, चोर तुम्हाला नाशकात शोधतील आन् तुम्ही असाल तिसरीकडंच. आपण अमेरिका घेतली. सगळ्यांनीच घेतली, सगळ्यांची पोरं तिकडंच ना. तेव्हापासून बंद नाय केलं. चोर परत आला तर?”

मीनाने ढालीवरचं बटण बंद केलं. चार डिग्रीचे एकोणचाळीस झाले. सातबारा उघडला. पुंजाने आकडा बघितला आणि हळूहळू मफलर सोडला.

आता सगळं सरळ होतं. त्या ब्राउझरमधून गेलेली गोष्ट ब्राउझरने ठरवलेल्या देशातून आल्यासारखी दिसते. आपल्याकडच्या कित्येक सरकारी साइट बाहेरच्या देशातून कुणी आलं की दार उघडत नाहीत. म्हणजे ज्याचा सातबारा उघडत नाही, तो नाशकात बसूनही कागदोपत्री परदेशात असतो. आणि अर्ज भरायला चार दिवस रोज बसूनही साइट न उघडलेलं आणखी एक माणूस मीनाला काल भेटलं होतं. कोटातला फोटोही त्याच माणसाकडे होता, फक्त त्याच्याकडेच.

“काका, संघात सगळ्यांनीच अमेरिका घेतली?”

“एक सोडून,” पुंजा म्हणाला. “बाईंनी युरोप घेतलं.”

६

भाऊ भाजी आणायला गेला होता. मंजुषाबाई आज वाटाणे सोलत होत्या. मीनाने काही न बोलता त्यांचा मोबाईल उचलला, ढालीवर बोट ठेवलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. युरोप निळं होतं, आणि या ब्राउझरचं युरोप म्हणजे नेदरलँड, हे मीनाने येता येता तपासलं होतं.

“अच्छा, म्हणून साइट उघडत नव्हती,” मंजुषाबाई म्हणाल्या. “मला वाटलं देवालाच दया आली.”

“का दिलीत बातमी?”

“तीनदा नाही म्हणाले मी त्यांना. पहिल्यांदा म्हणाले, विचार करा. दुसऱ्यांदा म्हणाले, बायका आधी नाहीच म्हणतात. तिसऱ्यांदा ऐकलंच नाही, माझ्या भावाकडे जाऊन पेढे दिले. त्यानंतर मी नाही म्हटलं की दोघं मिळून हसायचे.” त्यांनी शेंग दाबली, तीन दाणे ताटात पडले. “माणूस वाईट नाहीये. नुसतं ऐकू येत नाही त्याला. मग म्हटलं, नवरा मेल्यावर तरी लग्न मोडत असेल.”

“थेट नकार जाहीर करायचात.”

“कुठे? तुमच्या पोर्टलवर निधनवार्तेचं सदर आहे. नकाराचं आहे का?”

 नकाराचं सदर खरंच नव्हतं.

“पण युरोप का?”

“तीनच बटणं. अमेरिकेत सगळ्यांची मुलं, तिथे गर्दी. आशियात तर मी राहतेच.”

“त्यांची मुलगी नेदरलँडमध्ये आहे. सगळं तिच्यावर गेलं. काल त्यांनी तिला...” मीनाने काय बोलणं झालं ते सांगितलं, चितेपर्यंत.

मंजुषाबाईंचा हात थांबला.

“मी तीस वर्षं भूगोल शिकवला,” त्या म्हणाल्या. “नेदरलँड युरोपात येतं हे मला माहीत होतं.” आणि मग पुढची शेंग उचलली. आधी माहीत होतं की नंतर आठवलं, हे मीनाने विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही.

“बातमी मागे घ्या,” मीना उठताना म्हणाली.

“घेतली तर रविवारी लग्न करावं लागेल. मुहूर्त टळू दे, तेरावं होऊ दे. मग घेते.”

७

धोंडीरामांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी मंजुषाबाईंबद्दल एकच गोष्ट विचारली. “तीनदा?” मग बोटांवर मोजून बघितलं आणि मान हलवली. बरोबर होतं. तीनदाच.

मग त्यांनी मुलीला फोन लावला. लागला नाही. मेसेज पाठवले, त्यांच्यापुढे एकेकच टिक आली. धनराजच्या फोनवरून लावला, तर तिने धनराजलाही ब्लॉक केलं होतं. शुक्रवारी ते एका सायबर कॅफेत गेले आणि मंजुषाबाईंचंच बटण दाबून, युरोपातून, तिला ईमेल केला. युरोपातून गेल्यावर तरी ती उघडेल असं त्यांना वाटलं. तिने उघडला नाही. शनिवारी ते ओझरला विमानतळावर जाऊन बसले, आणि जी विमानं आली त्यांतून दुसऱ्यांच्या मुली उतरल्या. चौकातला फ्लेक्स ठरल्याप्रमाणे उतरला. धनराजने तो गच्चीवर पाणी गळतं तिथे टाकला, तोंड खाली करून.

सोमवारी ‘गोदाझटका’च्या कचेरीत एक अर्ज आला. शेखर देवरेंनी तो वाचला, आवक शिक्का मारला, ‘नियमात बसत नाही’ असा शेरा लिहिला आणि मीनाकडे फाईल करायला दिला. तिने तो दोनदा वाचला.

‘प्रति, मा. संपादक साहेब.
विषय : निधनवार्ता कायम ठेवण्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करतो की, आपल्या पोर्टलवरील माझी निधनवार्ता काढण्याबाबतची माझी तोंडी मागणी मी मागे घेत आहे. सदर वार्तेनुसार मी मंगळवारी दुपारी वारलो आहे. सबब, बुधवारी सायंकाळी माझ्या नंबरवरून माझी मुलगी चि. सौ. वेदिका हिला जो फोन गेला, त्या वेळी मी हयात नव्हतो व त्यातील एकही शब्द माझा असणे शक्य नाही. तरी सदर फोन मी केलेला नाही, असे आपण आपल्या पोर्टलवर ठळकपणे जाहीर करावे व त्याची एक प्रत नेदरलँड येथे पाठवावी, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
कै. धोंडीराम थेटे’